जी-लँडला सर्फिंगला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जी-लँड या इंडोनेशियातल्या सर्फिंगच्या जागी मी आजवर तीनदा जाऊन आलो. त्यातली एक खेप फसलेली होती, तिची हकिगत खाली येईल. तेव्हापासून मुंबई-पुण्याचे, मालवणचे, गोव्याचे, शिवाय सिंगापूर-दुबईत नोकरी करणारे मराठी सर्फर मला फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. निम्मे प्रश्न लाट केवढी असते याबद्दल असतात. पाणी किती असतं, हे क्वचितच कुणी विचारतं. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर इथे सविस्तर आहे.

१. जी-लँड नेमकं कुठे आहे? बालीतच ना?

नाही. लोक बालीहून बोटीने जातात म्हणून तसा समज झालाय. जी-लँड आहे पूर्व जावाच्या आग्नेय टोकाला, ग्राजागान उपसागराच्या पूर्व काठावर. 'जी' त्या ग्राजागानचा. किनाऱ्याचं स्थानिक नाव प्लेंगकुंग. भोवतीचं सगळं रान 'अलास पुर्वो' राष्ट्रीय उद्यानात येतं. जावानीज भाषेत अलास म्हणजे रान आणि पुर्वो म्हणजे आपलाच 'पूर्व', म्हणजे आधीचं, आदिम. पृथ्वीवरची पहिली जमीन इथेच वर आली, अशी तिथली समजूत आहे. रानातल्या गुहांमध्ये लोक ध्यानाला येऊन बसतात. त्यांतल्या एका गुहेचं नाव 'गोआ इस्ताना'. पहिल्यांदा पाटी वाचून आमच्यातला पणजीचा मित्र हरखला होता, पण गोआ म्हणजे तिकडे गुहा. शब्दही आपल्या गुहेवरूनच गेलेला.

२. ही लाट शोधली कुणी?

ग्राजागानच्या कोळ्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. तिथे होडी न्यायची नाही, एवढीच त्यांच्या लेखी तिची किंमत. सर्फरांच्या बाजूने सांगायचं तर १९७२ मध्ये बॉब लॅव्हर्टी या अमेरिकनाला बालीकडे येताना विमानाच्या खिडकीतून या लाटेच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. तो आणि बिल बॉयम मोटारसायकलवरून आणि पुढे पायी तिथवर पोचले. नंतर बिलचा भाऊ माइक बॉयम याने रानात तळ ठोकला. जगातला पहिला सर्फ कॅम्प म्हणून त्याचं नाव घेतात. १९९५ ते १९९७ अशी तीन वर्षं इथे जागतिक मालिकेतली स्पर्धा झाली, पहिल्या वर्षी केली स्लेटर जिंकला. मग मोठा खंड पडला आणि २०२२ मध्ये स्पर्धा परत आली. तेव्हा पुरुषांत जॅक रॉबिन्सन आणि महिलांत जोहान डिफे जिंकले.

३. एवढं काय आहे या लाटेत?

तीन गोष्टी एका जागी जुळतात. पहिली, दक्षिण गोलार्धात चाळीस अंश अक्षांशाखाली हिवाळाभर वादळं चालू असतात. त्यांचं उधळलेलं पाणी हजारो किलोमीटर अडथळ्याविना येतं आणि वाटेत नीट ओळीत लागतं. दोन लाटांमधलं अंतर १४, १६, कधी १८ सेकंदांचं होतं. दुसरी, खोल समुद्रातून ही लाट एकदम उथळ प्रवाळ-खडकावर चढते आणि त्या खडकाच्या कडेने एका टोकापासून सोलल्यासारखी फुटत जाते. लाट डावी आहे, म्हणजे तिच्यावर उभं राहिलेला माणूस स्वतःच्या डाव्या हाताला धावतो. तिसरी गोष्ट वारा. मोसमात आग्नेयेकडून वाहणारा व्यापारी वारा इथे जमिनीवरून समुद्राकडे येतो आणि लाटेचं तोंड धरून ठेवतो. कोकणात पहाटेच्या मतलई वाऱ्यात पाणी कसं तुळतुळीत असतं ते आठवा. इथे तसं दुपारी तीन वाजता असतं.

हाच आग्नेय वारा पुढे विषुववृत्त ओलांडतो, वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन आपल्या कौलांवर येऊन आदळतो. जूनमध्ये आपल्याकडे होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, तेव्हा तिकडे ऐन हंगाम असतो. वारा एकाच घरचा, आपल्याकडे भिजलेला येतो एवढंच.

४. कधी जावं?

एप्रिल ते ऑक्टोबर, त्यातही मे ते सप्टेंबर. तारखा ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. जुनेजाणते लोक अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आजूबाजूचा आठवडा धरतात. उधाणाच्या त्या दिवसांत मोठी भरती साधारण सकाळी उशिरा ते दुपारच्या सुमारास येते आणि नेमका तेव्हाच वाराही लागतो. सप्तमी-अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरतही नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला तेही वाईट नाही, कारण रीफ, म्हणजे तो प्रवाळ-खडक, एकाएकी उघडी पडत नाही. का, ते प्रश्न ७ मध्ये.

५. मी दोन वर्षं सर्फिंग करतोय. मला जमेल का?

वर्षं मोजू नका. मी कर्नाटकातल्या मुलकीला आणि तळकोकणात शिकलो. आपल्याकडची बहुतेक लाट वाळूवर फुटते. पडलात तर नाकात वाळू जाते, बोर्ड उचलून परत निघता येतं. इथे पडाल ते खडकावर. म्हणून स्वतःला हे विचारा: डोक्याहून उंच लाटेवर उशिरा उभं राहता येतं का? मोठ्या फेसाखालून बोर्डासकट बुडी मारून पलीकडे निघता येतं का? लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधणारी दोरी, तुटला तर अर्धा किलोमीटर पोहून किनारा गाठाल का? तिन्हींना हो म्हणताना अडखळलात तर आधी बालीत, लोंबोकला किंवा श्रीलंकेत एक-दोन हंगाम काढा.

डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. इथे लाट तुमच्या पाठीमागे असेल. पाठीवरची लाट घेण्याची सवय आधी करून या.

६. कॉन्ग्ज, मनी ट्रीज, स्पीडीज ही काय भानगड?

एकाच रीफच्या भागांची नावं. वरच्या टोकाला कॉन्ग्ज. तिथे समुद्रातून येणारी लाट सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात लागते, त्यामुळे बाकी सगळीकडे शांत असतानाही काही ना काही मिळतं. त्यानंतर मनी ट्रीज, सगळ्यांत भरवशाचा भाग. माझं मत विचाराल तर पहिला आठवडा इथेच काढा. पुढे लाँचिंग पॅड्स, मोठ्या लाटेला इथे एकदम उंच डोंगर उभा राहतो. शेवटी स्पीडीज. सगळ्यांत वेगवान, सगळ्यांत पोकळ आणि सगळ्यांत कमी पाण्यावर. फोटो बघून तुम्ही जिच्या प्रेमात पडलात ती बहुतेक हीच.

मोठी लाट झेपणार नसेल तर उपसागरात आत 'ट्वेंटी-ट्वेंटी' आणि 'टायगर ट्रॅक्स' या मवाळ जागा आहेत. तिथे गेल्याने कुणी हसत नाही.

७. रीफवर पाणी किती असतं? भरती-ओहोटीचं गणित काय?

उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीत दोन मीटरांच्या आसपास फरक पडतो. भरतीला स्पीडीजवर मजा असते. तेच ठिकाण पूर्ण ओहोटीला कोकणातल्या खडपासारखं उघडं पडतं, खळग्यांतून मासे फिरताना दिसतात.

खरी मेख वेगात आहे. पाणी एकसारखं उतरत नाही. भरतीनंतरच्या पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा उतरतं, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन. म्हणजे दोन तासांनी दोन मीटरांपैकी अर्धाच मीटर गेलेला असतो आणि वाटतं, अजून भरपूर आहे. आणखी तासाभराने मात्र पुरा मीटर गेलेला असतो. पाण्यात बसलेल्या माणसाला हे कळत नाही, कारण वरून समुद्र तसाच दिसतो.

माझा नियम असा: स्पीडीजवर भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा दीड तास. चढत्या पाण्यात चूक झाली तर दर मिनिटाला खाली पाणी वाढतं, उतरत्या पाण्यात उलट. अनुभवी लोक ओहोटीतही खेळतात, पण त्यांना त्या खडकातला खाचखळगा पाठ असतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. ते गणित आपल्या किनाऱ्याचं, इथे त्यावर विसंबू नका. कॅम्पवर तक्ता लावलेला असतो, तो वाचा. आणि वाचण्याआधी प्रश्न ८ वाचा.

८. तक्त्यातली वेळ आणि माझ्या फोनमधली वेळ जुळत नाही. असं का?

कारण बाली आणि जावा यांच्यात एका तासाचा फरक आहे. बाली आपल्यापुढे अडीच तास, जावा दीड तास. जी-लँड आहे जावात, पण माणसं, बोटी आणि बरेचदा भरतीचे तक्तेही बालीचे. काही ठिकाणी कॅम्पचा सगळा कारभार बालीच्या वेळेवर चालतो. फोन मात्र जावाचा टॉवर पकडला की मुकाट एक तास मागे जातो.

फसलेली खेप ती हीच. तक्त्यात भरती अकराला होती, बालीच्या अकराला. माझं घड्याळ फोनवरून लावलेलं, म्हणजे जावाचं. एक वाजेपर्यंत खेळून निघायचं, भरतीनंतर दोनच तास होतात, असा माझा हिशोब. प्रत्यक्षात तीन होणार होते. साडेबाराच्या सुमाराला बाकीचे एकेक करून निघू लागले. मला वाटलं जेवायला चाललेत, आणि एवढी मोकळी लाट कधी मिळणार म्हणून मी थांबलो. तिसऱ्या लाटेवर खालचं पाणी एकदम तपकिरी दिसलं. ती खडकाची सावली नव्हती, खडकच होता. पडलो तेव्हा नितंब आणि डावं कोपर आधी लागलं. उठून उभा राहिलो तर पाणी मांडीपर्यंत. मग पुढच्या लाटेने पायही उचलले. किनाऱ्यापर्यंत खडकावरून बोर्ड डोक्यावर धरून चालत यायला पाऊण तास लागला. पायात बूट नव्हते. कॅम्पवरच्या स्वयंपाक्याने माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि काही न बोलता गरम पाणी ठेवायला आत गेला.

पोचल्या पोचल्या विचारा: हा तक्ता कुठल्या वेळेचा? आणि मनगटावरचं घड्याळ त्याच वेळेला लावून टाका.

९. पडायचं कसं? पडल्यावर काय करायचं?

डोकं खाली घालून उडी कधीच मारायची नाही. पाठीवर किंवा कुशीवर, अंग पसरून, जितकं वरच्या वर राहता येईल तितकं. पाण्याखाली हात डोक्याभोवती. तळ पायाने चाचपडायला जाऊ नका, खाचेत पाऊल अडकलं की लाट गुडघा पिरगळते. वर येतानाही आधी हात, मग डोकं. पुढची लाट अंगावर येत असेल तर तिच्याशी झुंजण्यापेक्षा पोटावर झोपून फेसाबरोबर आत जाणं कधीकधी शहाणपणाचं, अर्थात आत पाणी असेल तर. ओहोटी लागलेली असेल तर उलट करा. बाजूच्या खोल पाण्याकडे वल्हवत जा आणि बोटीला हात करा.

१०. रीफवर कापलं तर? लिंबू चोळतात म्हणे?

चोळतात आणि आरोळी जावाभर ऐकू जाते. पण लिंबाने जखम साफ होतेच असं नाही. भरपूर स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवा, आत अडकलेले प्रवाळाचे कण चिमट्याने किंवा मऊ ब्रशने काढा, मग जंतुनाशक लावा. राहिलेला एक कण आठवडाभर पू करत बसतो. उष्ण दमट हवेत अशी जखम लवकर चिघळते. लाली पसरू लागली, ताप आला, जखमेपासून वर रेघ दिसली तर सर्फिंग बंद आणि थेट डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घ्या. नीट सोयींचं रुग्णालय बान्युवांगी शहरात, रस्त्याने काही तासांवर. ते अंतर डोक्यात ठेवूनच स्पीडीजला निघावं.

११. सामान काय न्यावं?

दोन बोर्ड तरी हवेत, कारण एक मोडतोच. तुमच्या रोजच्या बोर्डापेक्षा चार-सहा इंच लांब असा दुसरा, मोठ्या दिवसांसाठी. जादा लीश दोन, जादा फिन्स (बोर्डाखालचे पंख), पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावायचं गरम पाण्यासाठीचं वॅक्स, दुरुस्तीचं रेझिन. रीफचे बूट, माझी हकिगत वाचल्यावर वेगळं सांगायला नको. हेल्मेट घालणारे कमी दिसतात, मी घालतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि उन्हासाठी तोंडाला लावायचं झिंक. जवळपास दुकान नाही, त्यामुळे कानाचे थेंब आणि रोजची औषधं घरून.

१२. जायचं कसं?

दोन वाटा. सोपी म्हणजे बालीच्या दक्षिण भागातून स्पीडबोट, समुद्र बरा असेल तर दोन-अडीच तास. कॅम्पच्या पॅकेजमध्ये बोट, खोली आणि जेवण बहुधा एकत्र असतं. दुसरी वाट रस्त्याची. बालीच्या गिलिमानुकहून फेरीने सामुद्रधुनी ओलांडून केतापांग, तिथून बान्युवांगीमार्गे उद्यानाचं प्रवेशद्वार आणि पांचुर. पांचुर ते प्लेंगकुंग साधारण नऊ किलोमीटर रानातला खडबडीत रस्ता. वेळ जास्त, पण रान बघायला मिळतं. मला हीच आवडते, पाठीला नाही.

१३. व्हिसा आणि बालीचा कर?

भारतीय पासपोर्टवर विमानतळावरच व्हिसा मिळतो. शुल्क ५ लाख रुपिया, मुदत ३० दिवस, एकदा वाढवता येते. पाच लाख वाचून घाबरू नका, ते त्यांचे रुपिया आहेत. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत येणाऱ्या परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपियांचा कर आहे. सुराबायामार्गे परस्पर जावातून आलात आणि बालीत पाऊल ठेवलं नाहीत तर तो लागत नाही. शुल्कं बदलतात, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघा.

१४. वाघ आहेत का तिथे?

जावाचा वाघ नामशेष झाला. टायगर ट्रॅक्स हे नावच काय ते उरलंय. बिबटे आहेत, पण दिसणं नशिबाचं. सादेंगानच्या कुरणावर बांतेंग, म्हणजे रानबैल, चरताना दिसतात. लाटा नसतील त्या दिवशी जरूर जा. खरा त्रास माकडांचा. पहिल्या सकाळी माझ्या खोलीतून केळी, टूथपेस्ट आणि वॅक्सची वडी गेली. वॅक्स चावून टाकलेलं झाडाखाली सापडलं. पिशवीची चेन त्यांना उघडता येते.

१५. त्सुनामीचं काय?

हा प्रश्न घरच्यांचा असतो आणि रास्त आहे. ३ जून १९९४ च्या मध्यरात्रीनंतर, एकच्या सुमारास, जावाच्या दक्षिणेला समुद्रात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्यावरच्या गावांत दोनशेहून जास्त माणसं गेली. जी-लँडच्या कॅम्पमध्येही पाणी घुसलं आणि झोपलेले सर्फर झोपड्यांसकट रानात फेकले गेले. जखमी अनेक झाले, पण त्यांच्यातलं कुणी दगावलं नाही.

यातली ध्यानात ठेवायची गोष्ट ही की किनाऱ्यावर धक्का फारसा जाणवलाच नव्हता. तो संथ भूकंप होता, अशा भूकंपात जमीन कमी हलते आणि पाणी जास्त. म्हणून 'जोरात हललं तर पळू' एवढं पुरत नाही. हलकाच पण बराच वेळ चाललेला धक्का, समुद्र एकाएकी मागे हटणं, विमानासारखा आवाज, यातलं काहीही झालं तर निघायचं. कुठे, ते पहिल्याच दिवशी उजेडात विचारून, चालून बघा. चप्पल आणि टॉर्च उशाशी.

१६. मलेरिया?

रान आहे, डास आहेत. गोळ्या घ्यायच्या की नाही हे तुमच्या डॉक्टरांना मुक्कामाचं ठिकाण सांगून ठरवा. संध्याकाळी पूर्ण कपडे, मच्छरदाणी. परत आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचं आवर्जून सांगा.

१७. शाकाहारी माणसाचं भागतं का?

भागतं. तेंपे, टोफू, भाज्या, भात, शेंगदाण्याची चटणी घातलेलं गाडो-गाडो. फक्त सांबाल या तिखट चटणीत बहुतेक वेळा 'तरासी' म्हणजे सुकटीसारखी आंबवलेली कोळंबी असते. आधी सांगून ठेवा. मेतकूट आणि लसणाची चटणी न्या, शेजारचे ऑस्ट्रेलियनही मागून खातात.

१८. भारतातला प्रवास विमा चालतो का?

बऱ्याच पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. 'सर्फिंग' हा शब्द समाविष्ट आहे का आणि दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो का, या दोन्हींचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं 'हो सर' दाव्याच्या वेळी कामाला येत नाही.

१९. लाटांच्या अंदाजात लाट दीड मीटर दिसते. मग एवढी भीती कशाला?

कारण मीटर म्हणजे अर्धीच गोष्ट. आपल्याकडे सात-आठ सेकंदांच्या दीड मीटरमध्ये खवळलेलं पाणी मिळतं. सोळा सेकंदांचे तेच दीड मीटर रीफवर चढताना माणसाच्या दुप्पट उंच होऊ शकतात. सेकंदांचा आकडा आधी वाचा, मीटरचा नंतर. दक्षिणेकडचं हेच पाणी उन्हाळ्यात केरळच्या किनाऱ्यावर वाऱ्याशिवाय चढतं, तिथे त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था त्याचे इशारे देते. ते वाचायची सवय ठेवली तर जी-लँडचा अंदाज वाचणं सोपं जातं.

२०. परतीच्या दिवशी समुद्र खवळला आणि बोट निघालीच नाही तर?

होतं असं. सगळ्यांत चांगल्या लाटांच्या दिवशीच होतं. म्हणून बोटीचा दिवस आणि आंतरराष्ट्रीय विमान यांच्यात किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. बोट अडलीच तर कॅम्पला गाडी मागा आणि प्रश्न १२ मधल्या रस्त्याने बान्युवांगी गाठा. तिथे विमानतळ आहे, शिवाय फेरीने बालीला जाता येतं. फेरी पलीकडे लागली की घड्याळ पुन्हा एक तास पुढे करा, नाहीतर भरती सांभाळलेला माणूस विमान चुकवतो. आमच्या पणजीच्या मित्राने चुकवलं.